कृषी सल्ला : हापूसच्या पोटात ऊन जाऊ द्या

प्रश्न (पावस परिसरातील बागायतदार): हापूसची झाडं चाळीस वर्षांची आहेत. मोहोर फक्त शेंड्याला येतो, आतल्या बाजूला काहीच नाही. दुकानदार म्हणतो, प्रकाशसंश्लेषण वाढवणारं टॉनिक मारा आणि पॅक्लोब्युट्राझॉल (पालवी रोखून मोहोर आणणारं औषध) दुप्पट घाला. काय करू?

उत्तर: दोन्ही करू नका. दुपारी बारा वाजता झाडाच्या बुंध्याशी उभे राहा आणि वर बघा. आभाळ दिसत नसेल, तर आतल्या पानांना ऊन मिळत नाही, हे उघड आहे. गर्द सावलीतलं पान जेवढं अन्न बनवतं, त्याहून जास्त श्वसनात स्वतःच खर्च करतं. ते फांदीला काय देणार? बाटलीत ऊन मिळत नाही.

खात्री हवी तर कुंपणावरच्या जास्वंदीचं एक पान दोन दिवस काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आणि शेजारचं उघडं पान तोडून आधी पाण्यात उकळा. मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातल्या स्पिरिटमध्ये हिरवेपणा जाईपर्यंत ठेवा (स्पिरिट थेट आचेवर ठेवाल तर पेटेल), धुवा आणि आयोडीन टाका. उघडं पान निळं-काळं होईल, म्हणजे त्यात अन्न (स्टार्च) बनलं; झाकलेलं होणार नाही. शाळकरी पोरांना हे ठाऊक असतं, बाग मोठी झाली की आपण विसरतो.

आता पॅक्लोब्युट्राझॉल. झाडाच्या फांद्यांच्या विस्ताराचा व्यास मोजा, त्याच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे २५ टक्क्यांच्या द्रावणाचे ३ मिली. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. दुप्पट घातलंत तर पालवी आखूड, गुच्छासारखी येते आणि औषध मातीत मागे राहतं, पुढच्या वर्षीही नडतं. सप्टेंबरात आठवण झाली तर त्या साली राहू द्या. उधारीवर दिलेली बाटली संपवायची म्हणून ओतू नका. दुकानदाराचा हिशेब बाटल्यांचा असतो, झाडाचा नाही. दुप्पट म्हणजे दुप्पट मोहोर नव्हे!

खरं काम करवतीचं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मधली सरळ वर गेलेली फांदी काढा. झाड पेल्यासारखं उघडं झालं पाहिजे. आधी खालून अर्धा काप द्या, मग वरून, नाहीतर फांदी साल सोलत खाली येते. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बांडगूळही काढा. कापावर त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. भर पावसात छाटू नका, काप कुजतो. सगळी बाग एकाच वर्षी छाटू नका, एक सोडून एक झाड घ्या. छाटलेलं झाड त्या हंगामात फारसं देणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी अनुदान असतं. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, सातबारा व आधार जवळ ठेवा, बाकी कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) सांगतील. अनुदान हवं असेल, तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत करवत चालवू नका.