माणूस दिसतो, तरी भीती काहून वाटते?

प्रश्न: भाऊ, माझा पोरगा लॅपटॉपवर १९५४ चा गॉडझिला पाहत बसतो. रबराच्या सूटातला माणूस खेळण्यातली घरं तुडवतो, सरळ दिसते ना! तरी मी उभ्या उभ्या अर्धा पिक्चर पाहिला, तव्यावरची पोळी करपली. काय आहे एवढं त्यात?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, पोळी करपली म्हणजे पिक्चर पास! तुमच्या महालात मारबतीची मिरवणूक निघते, ती मोठी बाहुली कागद-बांबूची आहे हे सगळ्यायले माहीत, तरी गल्लीत वळली की लेकरं पदर धरतात आन् मोठे ओरडतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" इथं इडापीडा बॉम्बची, गॉडझिला हा राक्षसी प्राणी बॉम्बच्या चाचणीनंच जागा होतो ना. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची राख २३ जण असलेल्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, आन् नोव्हेंबरात इशिरो होंडांचा हा पिक्चर आला, लोकायले वेगळं समजवायची गरजच नव्हती.

सूटात हारुओ नाकाजिमा असायचे. पहिला सूट जवळपास १०० किलोचा, वरून दिव्यांची गरमी, म्हणजे आपल्या मे महिन्यात रजई पांघरून चाला, तसं. म्हणून ती चाल जड वाटते, वजन खरंच आहे ना बावा! डरकाळी तर जनावराची नाहीच, डबल बेस नावाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर चामड्याचा हातमोजा घासून काढली.

पुढचे काही भाग निव्वळ कुस्ती, मले तेही आवडतात. फक्त पोराला विचारा, जपानीच पाहतो ना? १९५६ मध्ये अमेरिकेत कापाकापी करून मधातच एक अमेरिकन पत्रकार घुसवलेला, तो नको.