वाचकांचे प्रश्न : अडचणीच्या जागेतला स्क्रू

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाचे दार उतरले असून त्याची बिजागरी आवळायची आहे, परंतु बिजागरीच्या समोरच सांडपाण्याचा पाइप आल्यामुळे घरातला नेहमीचा लांब स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर सरळ टेकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात बुटका स्क्रूड्रायव्हर, दोन्ही टोकांना काटकोनात वाकवलेली सळई आणि रॅचेटचा (म्हणजे मूठ मागेपुढे हलवली तरी स्क्रू एकाच दिशेने फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) आडवा स्क्रूड्रायव्हर असे तीन प्रकार दाखवण्यात आले. बुटक्याची लांबी कमी म्हणून त्याचा जोरही कमी, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. यांपैकी कोणता घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानात पुन्हा जाण्यापूर्वी जागा मोजावी. खराट्याचा एक हीर घ्यावा, स्क्रूच्या डोक्यावर तो सरळ उभा धरावा आणि समोरचा पाइप जेथे आडवा येतो तेथे मोडून त्याची लांबी पट्टीवर पाहावी. स्क्रूड्रायव्हर त्या जागेत मावणे पुरेसे नसते, त्याच्या मागे आपला हातही मावावा लागतो, आणि खरेदीत चूक होते ती बहुधा येथेच. बाजारातले बुटके स्क्रूड्रायव्हर साधारणपणे ८ ते १० सेंटिमीटर लांबीचे असतात. त्यामागे तळव्यासाठी आणखी ३ सेंटिमीटर धरले, तर हीर १२-१३ सेंटिमीटरांचा भरल्यास बुटका निःशंकपणे घ्यावा. जागा त्याहून कमी, पण ५ सेंटिमीटरांच्या वर असेल, तर रॅचेटचा आडवा प्रकार उपयोगी पडतो, कारण त्यात बसणारे नेहमीचे बिट, म्हणजे बदलता येणारे सुटे टोक, २५ मिलिमीटर लांबीचे असते आणि ते धरणाऱ्या डोक्याची जाडी त्यावर थोडीशीच असते. त्याहूनही अडचण असेल, तेव्हाच वाकवलेल्या सळईकडे वळावे.

जोराविषयीचा दुकानदाराचा समज सर्वत्र आढळतो, तरी तो बरोबर नाही. स्क्रू फिरवण्याचा जोर स्क्रूड्रायव्हरच्या लांबीवर अवलंबून नसून मुठीच्या जाडीवर अवलंबून असतो. बोटांची पकड मध्यरेषेपासून जितकी दूर, तितका पीळ अधिक. म्हणून जाड, गुबगुबीत मुठीचा बुटका स्क्रूड्रायव्हर बारीक मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरपेक्षा अधिक पीळ देऊ शकतो. बुटक्याचा खरा दोष निराळा आहे. हात बाजूला १ सेंटिमीटर सरकला, तर २० सेंटिमीटर लांबीचा स्क्रूड्रायव्हर सुमारे ३ अंशांनी कलतो, मात्र ८ सेंटिमीटरांचा तेवढ्याच चुकीने सुमारे ७ अंशांनी कलतो. कललेले टोक खाचेच्या एकाच कडेवर टेकते आणि ती कड खाऊन टाकते. त्यामुळे बुटका वापरताना डोळा स्क्रूच्या रेषेत आणता येत नसेल, तर दुसऱ्या हाताच्या बोटाने टोक व स्क्रू यांचा सांधा चाचपून पाहावा आणि मगच पीळ द्यावा.

आता टोकाविषयी, जे माझ्या मते तिन्ही प्रकारांतल्या निवडीपेक्षा महत्त्वाचे आहे. फुलीच्या खाचेच्या स्क्रूला आपल्याकडे सरसकट ‘स्टार’ म्हणतात, परंतु फुली फुलीतही फरक असतो. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुलीच्या भिंती तिरप्या असतात. त्या तिरकसपणामुळे टोक चटकन मध्यावर बसते खरे, पण पीळ वाढला की तेच टोक बाहेर ढकलले जाते, आणि ते आत राहावे म्हणून स्क्रूवर मागून दाब द्यावा लागतो. पॉझिड्राइव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारात भिंती जवळजवळ सरळ असतात. त्याची खूण अशी, की स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक तिरप्या रेघा दिसतात. मॉड्युलर स्वयंपाकघरातील बिजागऱ्यांवर पुष्कळदा पॉझिड्राइव्हचे स्क्रू असतात, आणि आपण त्यांत फिलिप्सचे टोक घालून त्यांची फुली झिजवतो. मोकळ्या जागेत दाब वाढवून ही विजोड जोडी कशीबशी चालवून नेता येते. सिंकखाली, मनगट मुडपून बसलेल्या अवस्थेत, तो दाब देताच येत नाही. म्हणून टॉर्चच्या उजेडात आपल्या बिजागरीवर त्या चार रेघा आहेत का ते पाहावे. असतील तर बिट ‘पीझेड २’ मागावे, नसतील तर ‘पीएच २’. कपाटांच्या बिजागऱ्यांना बहुतेक वेळा २ क्रमांकाचे टोक लागते, तर बॅटरीच्या खेळण्यांसारख्या लहान वस्तूंना १ किंवा ० क्रमांकाचे. त्याच बिजागरीचा सहज निघणारा एखादा स्क्रू दुकानात सोबत न्यावा. टोकावर बसवल्यावर तो हिसकला तरी डुगडुगता कामा नये.

याच कारणासाठी एकच ठरीव टोक असलेल्या बुटक्यापेक्षा बिट बदलता येणारा बुटका मी सुचवीन. अशा स्क्रूड्रायव्हरचे षटकोनी घर पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे असते, आणि त्या मापाची बिट्स कोणत्याही गावात मिळतात. मात्र बिट घरात सैल बसत असेल, तर तो जिन्नस परत करावा. टोकाला चुंबक असणे येथे चैन नसून गरज आहे, कारण जेथे बोटे पोहोचत नाहीत तेथे निसटलेला स्क्रू कपाटाच्या फटीत जातो. पितळी स्क्रूला चुंबकाचा उपयोग नाही आणि स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच स्क्रूंनाही नाही. तेथे टोकावर ग्रीसचा लहानसा ठिपका लावला, की स्क्रू जागेवर जाईपर्यंत चिकटून राहतो.

रॅचेट घेण्याची वेळ आली, तर त्याच्या चाकाला दाते किती आहेत हे विचारावे. ७२ दाते असतील तर प्रत्येक दाता ५ अंशांवर पकडतो, ३६ असतील तर १० अंशांवर. पाइपाच्या आड मूठ जेमतेम बोटभर हलत असेल, तेव्हा हा फरक काम होण्या न होण्याचा ठरतो. रॅचेट आडवे असल्याने दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या डोक्यावर ठेवून स्क्रूवर दाब देता येतो, आणि तो द्यावाच.

वाकवलेली सळई स्वस्त व टिकाऊ असते, पण तिच्याकडून सगळे काम करून घेऊ नये. ४ मिलिमीटरच्या मशीन स्क्रूचे (आधीच आटे पाडलेल्या छिद्रात बसणाऱ्या स्क्रूचे) आटे ०.७ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे १ सेंटिमीटर आत जाण्यासाठी त्याला सुमारे १४ फेरे लागतात. दर वेळी पाव फेरा धरला तर सळई सुमारे ५७ वेळा उचलून ठेवावी लागेल. स्क्रू बोटांनी जाईल तितका फिरवून फक्त शेवटचा आवळ सळईने द्यावा. काढताना याच्या उलट करावे, म्हणजे पहिला पीळ सळईने देऊन पुढचे काम बोटांवर सोपवावे.

प्रश्न : शिलाई मशीनच्या पट्टीचे स्क्रू दाबपायाखाली असल्यामुळे काढता येत नाहीत, आणि त्यांतल्या एकाची खाच प्रयत्नात झिजली आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रथम सुई आणि दाबपाय दोन्ही काढून ठेवावे, एवढ्यानेच बरीच जागा मोकळी होते. मशीनसोबत पुष्कळदा नाण्यासारखी चपटी चकती मिळते, जी खोक्यात तशीच पडून राहते. ती याच स्क्रूंसाठीचा स्क्रूड्रायव्हर आहे. ती नसल्यास रुंद टोकाचा बुटका घ्यावा, मात्र टोक खाचेच्या पूर्ण रुंदीला आणि जाडीला भरेल असेच. अरुंद टोकाने खाचेचे फक्त मधले भाग दाबले जातात, आणि आपली खाच बहुधा त्यामुळेच गेली आहे.

झिजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून तो रात्रभर राहू द्यावा. खाऱ्या हवेत नुसत्या जोराने काही साधत नाही. सकाळी स्क्रू सोडवण्याआधी आवळण्याच्या दिशेने किंचित हलवून पाहावा, म्हणजे गंजाची पकड सुटते. तरीही न निघाल्यास हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला एका बाजूने चिंधी गुंडाळून त्याने जुनीच खाच हळूहळू खोल करावी आणि लोखंडाचा कीस ब्रशने लगेच झाडून घ्यावा, नाहीतर तो मशीनच्या आत उतरेल. स्क्रू निघाला की तो पुन्हा बसवू नये. त्याच आट्यांचा नवा स्क्रू मशीन दुरुस्तीच्या दुकानातून, जुना नमुना दाखवून आणावा.

प्रश्न : हाच बुटका स्क्रूड्रायव्हर विजेच्या बोर्डात वापरला तर चालेल का? मूठ प्लास्टिकची आहे.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चालणार नाही. मूठ प्लास्टिकची आहे म्हणून स्क्रूड्रायव्हर विद्युतरोधक होत नाही. विजेच्या कामासाठी बनवलेल्या स्क्रूड्रायव्हरवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा छापलेला असतो, आणि त्याच्या दांडीवर टोकापर्यंत आवरण असते. बुटक्या स्क्रूड्रायव्हरमध्ये बोटे टोकाच्या अगदी जवळ येत असल्यामुळे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. बोर्ड उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. टेस्टर मात्र तो स्विच बंद करण्याआधीच, वीज चालू असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या जागी लावून पाहावा, मग स्विच बंद केल्यावर बोर्डात लावावा, आणि त्याच टेस्टरने स्क्रू मात्र फिरवू नयेत. त्याचे बारीक टोक त्या कामासाठी घडवलेले नसते.