सापेक्ष? कशापेक्षा?

प्रश्न असा आला आहे: 'निरपेक्ष सत्य' आणि 'सापेक्ष सत्य' या जोडीत 'अपेक्षा' कुठून आली, सत्याला कसली आशा? आणि प्रत्येक संस्कृतीचं सत्य वेगळं, विवेकाचे निकषही वेगळे, या मताला 'सापेक्षवाद' म्हणावं की 'सापेक्षतावाद'?

आधी तक्रार. 'सत्य सापेक्ष असतं' हे वाक्य हल्ली वाद गुंडाळायला वापरतात. दोघांचं पटेनासं झालं की तिसरा ते टाकतो आणि सगळे समंजसपणे माना डोलावतात. म्हणायचं असतं 'ज्याचं त्याचं मत'. त्यासाठी 'व्यक्तिनिष्ठ' आहे, गेला बाजार 'आपापली आवड' आहे. सापेक्षच्या गळ्यात हे लोढणं कशाला?

अपेक्षा म्हणजे आशा हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडतो. धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा, प्रेक्षक ही सगळी त्याचीच पोरं. (शिक्षा आणि भिक्षा या घरातल्या नाहीत. पहिली 'शक्'ची, दुसरी 'भज्'ची. यमक जुळलं म्हणून नातं जुळत नाही.) 'अप' लागून झालेल्या अपेक्षेचा एक अर्थ आहे एखाद्या गोष्टीकडे नजर असणे, तिच्यावाचून न भागणे.

आता खरी गंमत. हीच अपेक्षा आद्याक्षर गाळून आपण दिवसभर बोलत असतो: 'पेक्षा'. 'धाकटा थोरल्यापेक्षा उंच आहे', म्हणजे थोरल्याच्या अपेक्षेने, थोरल्याकडे पाहता, उंच. हिंदीत 'की अपेक्षा' पुस्तकी राहिलं, बोलण्यात 'से' आलं. मराठीने मात्र हा जड तत्त्वज्ञानी शब्द घासूनपुसून साधं शब्दयोगी अव्यय करून टाकला. मराठी माणसाला सापेक्षता समजावून सांगावी लागते याचं म्हणूनच मला नवल वाटतं.

नुसतं 'धाकटा उंच आहे' म्हटलं तर विधान अपुरं. कोणापेक्षा? 'थोरल्यापेक्षा' म्हटलं की ते पुरं झालं, आणि एकदा पुरं झालं की ते थोरल्याला, धाकट्याला आणि शेजाऱ्यालाही सारखंच खरं. थोरल्याला रुचलं नाही म्हणून धाकट्याची उंची घटत नाही. सापेक्ष म्हणजे एवढंच: पेक्षासहित. 'सत्य सापेक्ष आहे' म्हणून थांबणाऱ्याने वाक्य अर्ध्यावर सोडलेलं असतं.

हे माझं एकट्याचं खूळ नव्हे. 'समर्थः पदविधिः' या पाणिनीच्या सूत्रावर महाभाष्यात पतंजलीने म्हटलं आहे, 'सापेक्षमसमर्थं भवति'. जे पद बाहेरच्या पदाकडे डोळे लावून बसलं आहे, ते समास करायला असमर्थ. 'श्रीमंत राजाचा सेवक' याचा 'श्रीमंत राजसेवक' केला की राजाची श्रीमंती सेवकाच्या खिशात जाते, कारण 'राजा' हे पद 'श्रीमंत'कडे पाहत होतं. पण 'देवदत्ताचं गुरुकुल' मात्र चालतं. का? 'गुरू' हा शब्दच कायमचा सापेक्ष. गुरू असतो तो कुणाचा तरीच, त्यामुळे समासात शिरूनही त्याची नजर देवदत्तावरून हलत नाही. म्हणून देवदत्ताचा गुरू ही कुणाच्या मर्जीची बाब होत नाही! व्याकरणकारांच्या लेखी सापेक्ष म्हणजे अपुरा, डळमळीत नव्हे. माझं तर म्हणणं आहे की 'सत्य' हा शब्द 'गुरू'च्याच जातीचा आहे, पण ते असो.

जैन तार्किक याही पुढे गेले. समंतभद्राच्या आप्तमीमांसेत स्वच्छ लिहिलं आहे, 'निरपेक्षा नया मिथ्या'. नय म्हणजे पाहण्याची बाजू. आपल्या बाजूखेरीज दुसरी बाजूच नाही असं मानणारा नय खोटा, आणि सापेक्ष नय तेवढे खरे. या जैन मताला स्याद्वाद म्हणतात; त्याचा अर्थ 'कदाचितवाद' असा करणाऱ्यांनी मूळ वाक्य पाहिलेलंच नसतं. ते आहे 'स्यादस्त्येव': अमुक अपेक्षेने, आहेच. 'स्यात्' आणि 'एव' एकाच वाक्यात! मराठीत सांगायचं तर 'पेक्षा' आणि 'च' एकत्र: थोरल्यापेक्षा उंचच. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी आक्षेप घेतला की एकाच वस्तूत परस्परविरुद्ध गुणधर्म एकाच वेळी राहू शकत नाहीत, आणि असं ज्ञान संशयासारखंच अप्रमाण ठरेल. आचार्यांचा मान राखून सांगतो, हा आक्षेप अपेक्षा पुसून टाकल्यावरच लागू पडतो. एकाच माणसाला बाप आणि मुलगा म्हणण्यात कुठला विरोध आला?

संस्कृतींचं म्हणाल तर त्या वादात मध्य आफ्रिकेतल्या आझांदे लोकांचं उदाहरण ठरलेलं आहे. इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने 1937 साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. धान्याचं कोठार कोसळून खाली बसलेली माणसं जखमी झाली की ते म्हणतात, चेटूक. खांब वाळवीने पोखरले होते हे त्यांना ठाऊक नसतं का? पक्कं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न असतो, नेमकी हीच माणसं खाली असतानाच का कोसळलं. प्रश्न निराळा, म्हणून उत्तर निराळं. वाळवी त्यांची आणि आपली तीच. तत्त्वज्ञ पीटर विंचने 1964 साली बजावलं की आझांद्यांच्या कौलाला आपल्या विज्ञानाची फूटपट्टी लावू नका. इथवर मान्य. आपल्या फूटपट्टीवरची 'पेक्षा' खोडून तीच विश्वाची म्हणून मिरवणारे निरपेक्षतावादीही मला तितकेच खुपतात.

पण म्हणून विवेकाचे सगळेच निकष निरनिराळे, ही उडी मला पटत नाही. त्या ग्रंथातले आझांदे कोंबडीला विष देऊन कौल घेतात. महत्त्वाचा कौल असेल तर दुसऱ्या कोंबडीवर उलट अट घालून तो पडताळतात: पहिली मेली तर दुसरी जगली पाहिजे. दोन कौल एकमेकांना छेद देऊ लागले की विष बिघडलं, निषिद्ध मोडलं, अशी कारणं शोधतात. 'हो' आणि 'नाही' एकत्र नांदलेलं त्यांना चालत असतं, तर कारणं शोधायची यातायात कोणी केली असती? 'सगळं सापेक्ष' हे विधान स्वतः सापेक्ष का, हा प्लेटोपासूनचा पेच प्रसिद्ध आहे. मला ही दुसरी कोंबडी जास्त बोलकी वाटते.

हो, दुसरा प्रश्न राहिलाच. मत सापेक्षतेविषयी आहे, म्हणून 'सापेक्षतावाद' नेटकं. 'सापेक्षवाद' चालेल, त्यावर भांडणार नाही. आइन्स्टाइनच्या 1905च्या कामाला मात्र 'सापेक्षतावाद' म्हणू नका, 'सापेक्षता सिद्धांत' म्हणा. त्याचा पायाच असा की निर्वातातला प्रकाशाचा वेग एकसमान गतीने जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला तोच दिसतो, आणि 'आइन्स्टाइननेच सांगितलंय, सगळं सापेक्ष' म्हणणारे नेमकं तेवढंच गाळतात.