सौदीतून दोन दिवसांसाठी बहरीनला जातोय. मोत्यांच्या व्यापाऱ्याने बांधलेली मुहर्रकची सियादी मशीद बघण्यासारखी आहे का? आत सोडतात का?

जा, नक्की जा. खरं तर एवढ्यावरच थांबणार होतो, पण याच मशिदीसमोर माझं आणि दाजींचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे जरा लांबेल.

ताई-दाजी थंडीत आले होते. आदल्या दिवशी मनामातली अल फतेह मशीद दाखवली. १९८८ साली खुली झालेली, फायबर ग्लासचा प्रचंड घुमट, खाली भलंमोठं झुंबर. दाजी खूश, फोटोंवर फोटो. दुसऱ्या दिवशी मुहर्रकच्या गल्लीत सियादीसमोर उभे केले तर म्हणाले, "ही? आमच्या गावची वेस याहून मोठी आहे!"

आता मोठेपणाच बघायचा असेल तर तुम्हीही अल फतेहला जा, तिथे वाटाड्यासुद्धा मिळतो. सियादीत झुंबर नाही, मिनार ठेंगणा. इथली जुनी बांधकामं अशीच. भिंतीला समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड, वर जिप्समचा गिलावा, छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे. जुन्या घरांचा गिलावा कुठे कुठे निसटलाय तिथे वाकून बघा, दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. हे मी दाजींना दाखवत होतो, तर ते म्हणतात, "दुरुस्ती करायला पाहिजे यांनी."

मशिदीला लागूनच सियादींचं घर आणि मजलिस. बैठक, बिऱ्हाड आणि नमाज, सगळं हाकेच्या अंतरावर. हे लोक तव्वाश, म्हणजे मोत्यांचे व्यापारी. उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात असायच्या. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड, आणि एका श्वासात तळाशी. दिवसभर हेच, पोटात चार खजूर. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती कधी फिटायची नाही. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. १९२०च्या दशकात सुधारणा झाल्या, प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही द्यायची सक्ती झाली, ती उगाच नाही. त्यामुळे 'दानशूर व्यापाऱ्याने मशीद बांधली' एवढंच कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. पैसा कोणाच्या छातीतून निघाला तेही बघा.

हे दाजींना पटलं. पटलं नाही ते पुढचं. त्यांच्या आईची नथ आहे, बसरा मोत्यांची, आणि घरात तिचा मोठा मान. मी सहज म्हणालो, "दाजी, हे मोती इथलेच असायची शक्यता जास्त." झालं! "बसरा इराकात आहे, मला भूगोल शिकवू नकोस." अहो, पण बसरा आहे नदीवर. शिंपल्यांचे थर आखातात, आणि त्यातले नावाजलेले बहरीनच्या उत्तरेला. बसरा ही पेठ होती, माल तिथून जायचा म्हणून नाव चिकटलं. पुढे तर सगळा ओढा मुंबईकडेच होता. हंगाम संपला की व्यापारी पुडक्या घेऊन मुंबई गाठायचे. मोत्यांना भोकं पाडणं, जोड्या लावणं, सर ओवणं तिकडेच, मग पॅरिस नाहीतर लंडन. बहरीनमध्ये १९६५ साली दिनार येईपर्यंत रुपया चालायचा, तो काय हवेतून आला? यावर दाजींचं उत्तर, "तू इथे पगार घेतोस म्हणून यांचं गातोस."

त्याच दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात मुद्दाम नेलं. तिथे मोती चाळायच्या पितळी चाळण्या आहेत, एकीत एक बसणाऱ्या, प्रत्येकीची भोकं आधीच्यापेक्षा बारीक. वर राहील तो 'रास', मग 'बतन', मग 'धेल'. डोकं, पोट, शेपूट. ताई काचेला नाक लावून बघत राहिली. दाजी कॅफेत.

असो. पुढे जपानचे कल्चर मोती, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले, बाजारात आले, वर १९२९ची मंदी, आणि धंदा बसला. १९३२ साली तेल सापडलं, मुहर्रकच्या गल्ल्या तशाच राहिल्या.

तुमच्या कामाचं. सुरुवात सियादीपासून करू नका. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला मोत्यांचा मार्ग मुहर्रक बेटाच्या दक्षिण टोकाला बू माहिर किल्ल्यापाशी सुरू होतो आणि साडेतीन किलोमीटरवर सियादींच्या वाड्यापाशी संपतो. समुद्राकडून चालत या, म्हणजे आधी पाणबुड्या, मग नाखवा, शेवटी शेठ, असा क्रम लागतो. गाडीने थेट मशिदीपाशी उतरलात तर तुमचेही दाजी होणार.

आत जाण्याबद्दल: ही नमाजाची मशीद आहे, तिकीट काढून बघायची वास्तू नाही. नमाजाच्या वेळी घुसू नका, शुक्रवारी दुपारी तर नाहीच. एरवी दाराशी कोणी दिसलं तर सलाम करून विचारा. 'या' म्हणाले तर चपला काढून आत, 'नको' म्हणाले तर बाहेरून बघून पुढे चला. हुज्जत घालू नका. अर्धी चड्डी नको, बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यावी. गल्लीत लोक राहतात, त्यांच्या दारात कॅमेरे रोखू नका. आणि जून ते सप्टेंबर असेल तर मी वर लिहिलेलं चालण्याबिलण्याचं सगळं विसरा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर जेवढं जमेल तेवढंच करा.

मोती घ्यायचा असेल तर एक. बहरीनमध्ये कल्चर मोती विकायला बंदी आहे, अस्सल मोत्याचे पैसे अस्सलच लागतात. स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. घरातल्या जुन्या मोत्याची शंका असेल तर 'दानत' नावाची संस्था तपासून देते, मोती नैसर्गिक की कल्चर ते एक्स-रेत कळतं. दाजींना मी दोनदा म्हटलं, नथ घेऊन या. अजून आणलेली नाही.