पंधरा टक्के नेमके कशावर?

प्रश्न : प्रवासी जेट विमानाच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या अंतरात सुरक्षिततेसाठी १५ टक्के वाढ धरतात, परंतु एक इंजिन बंद पडल्याचे गृहीत धरून काढलेल्या अंतरात ती धरत नाहीत, असे वाचनात आले. अधिक धोक्याच्या प्रसंगालाच ही सूट कशी?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण वरवर पाहता हा हिशेब उलटा वाटतो. कोरड्या धावपट्टीसाठी तीन अंतरे काढली जातात. पहिले, सर्व इंजिने चालू असताना धाव सुरू केल्यापासून ३५ फूट उंची गाठेपर्यंतचे अंतर, १५ टक्क्यांनी वाढवून. दुसरे, ऐन धावेत एक इंजिन निकामी होऊनही तीच उंची गाठण्याचे. आणि तिसरे, वेग घेऊन उड्डाण रद्द केल्यावर पूर्ण थांबण्याचे. विमानाचे वजन असे असावे लागते की यांपैकी एकही अंतर उपलब्ध लांबीबाहेर जाणार नाही.

पहिले अंतर रोजच्या उड्डाणाचे आहे. वैमानिकाने नाक उचलण्यास किंचित उशीर करणे, इंजिनाची ताकद थोडी कमी भरणे, असे बारीकसारीक फरक रोज पडतात आणि त्यांच्यासाठीच १५ टक्के राखून ठेवलेले असतात. दुसऱ्या अंतरात मात्र इंजिन सर्वांत अडचणीच्या क्षणी बंद पडते असे आधीच धरलेले असते. ही घटना मुळात इतकी विरळ की तिच्यावर आणखी टक्केवारी चढवण्याची गरज नियमकर्त्यांना वाटली नाही, आणि मला ते पटते.

काल्पनिक आकडे घेऊ. सर्व इंजिनांवर २००० मीटर लागत असतील, तर वाढीसह २३०० होतात. एक इंजिन गेल्यावर २३५० आणि थांबण्यासाठी २४०० लागत असतील, तर वजन ठरवणारा आकडा २४०० हाच. दोन इंजिनांच्या विमानात एक गेले की निम्मी ताकद जाते, म्हणून तेथे दुसरे अंतर सहज वरचढ ठरते. चार इंजिनांच्या विमानात चौथाईच ताकद जाते, त्यामुळे १५ टक्क्यांचा आकडा पुढे येण्याची शक्यता वाढते.

थांबण्याच्या अंतरातही राखीव जागा आहे, फक्त ती टक्केवारीत दिसत नाही. निर्णयवेगापाशी, म्हणजे उड्डाण रद्द करायचे की नाही हे ज्या वेगापर्यंत ठरवावे लागते त्या ‘व्ही-वन’पाशी, दोन सेकंदांत कापले जाईल एवढे अंतर त्यात मिळवलेले असते, ब्रेक झिजलेले धरतात आणि कोरड्या धावपट्टीवर रिव्हर्स थ्रस्टची (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करण्याची) मदत मोजतच नाहीत. ‘व्ही-वन’ पुकारले जाताच कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा) हात काढून घेतो, तो याच हिशेबापोटी: त्यानंतर थांबायला सुरुवात केली, तर धावपट्टी पुरेल याची हमी उरत नाही.

ओल्या धावपट्टीवर रिव्हर्स थ्रस्ट मोजता येतो आणि इंजिन गेल्यानंतरची उंची १५ फुटांपर्यंत खाली येते. ही मात्र खरी सवलत म्हणावी लागेल. वाऱ्याबाबत नियम पुन्हा कडक होतो. समोरचा वारा जास्तीत जास्त निम्माच आणि पाठीमागचा किमान दीडपट धरावा लागतो.