दवाखाना बंद आहे, तर या निमित्ताने गोळी सुटली तर बरंच ना?

कोविडच्या लॉकडाऊनमध्ये हा प्रश्न इतक्या घरांतून आला की फोन उचलतानाच अंदाज यायचा, आणि अजूनही पूर येऊ दे, संप होऊ दे, औषधाचा तुटवडा होऊ दे, परत तोच. हेरॉइनच्या किंवा पेनकिलरच्या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस बुप्रेनॉर्फिनवर, म्हणजे तलफ आणि त्रास आवरणाऱ्या रोजच्या गोळीवर, नीट चाललेला असतो, मग क्लिनिक बंद होतं, गोळ्या संपत येतात आणि घरचे म्हणतात, "मॅडम, आता तशीही मिळत नाहीये, सुटली तर सुटली."

एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

त्याचं अपघातानंतरच्या पेनकिलरपासून सुरू झालेलं. उपचार सुरू झाल्यावर छान सावरला, कामावर परत गेला. लॉकडाऊनमध्ये एकदा बायकोचा घाबरून फोन, "यांना कोरोना झालाय बहुतेक, नाक गळतंय, अंग ठणकतंय, जुलाब होतायत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." मी विचारलं, सारख्या जांभया येतायत का, अंगावर काटा येतोय का? ती म्हणाली, "हो, तुम्हाला कसं कळलं?" औषध कमी पडलं की अंग असंच बोलतं. म्हटलं टेस्ट करूनच घ्या, पण आधी फोन त्याच्याकडे द्या.

"किती घेतोयस?"

"अर्धी. कधी पाव."

"डॉक्टरांना विचारून?"

"क्लिनिक बंदय ताई. आणि खरं सांगू का, मला वाटलं हीच संधी आहे. गोळी लागते म्हणजे मी अजून व्यसनीच ना?"

माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल तो स्वतःशी जे वाक्य बोलत असतो ते जास्त छळतं, असं मानणाऱ्यांतली मी, त्यामुळे मी तेच वाक्य धरून ठेवलं. वाद नाही घातला. पुढच्या फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं,

"पूर्ण गोळी घ्यायचास तेव्हा दिवसात किती वेळा तिची आठवण यायची?"

"सकाळी जिभेखाली ठेवायचो तेवढीच. मग काम."

"आणि आता?"

बराच वेळ काहीच नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, माझ्या सुपरवायझरनी कौतुक केलेली बहुतेक ही एकच गोष्ट. मग तो हळूहळू बोलायला लागला, "दिवसभर तेच. किती उरल्यात, पाव आत्ता घेऊ का रात्री, हिच्यापासून कुठे लपवू... काल त्या माल देणाऱ्या जुन्या माणसाचा नंबर शोधत होतो ताई."

आणि मी काही म्हणायच्या आत, "हे परत तसंच झालंय ना, आधीसारखं?"

त्याचं त्यालाच दिसलं. माझ्यासाठी व्यसनाचं माप तेव्हापासून तेच आहे, गोळी किती मिलिग्रॅमची यापेक्षा ती दिवसाचा किती भाग खाते. शरीराला रोज औषध लागणं वेगळं आणि आयुष्य त्याच्याभोवती फिरणं वेगळं. डोस स्वतःच्या मनाने कमी करून तो सुटत नव्हता, उलट मोजामोजीत परत अडकत होता.

घरच्यांना मी दुसरं एक सांगते जे त्यांना जास्त घाबरवतं, आणि घाबरलेलं बरं. औषधावर असताना या लोकांमधलं मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. औषध तुटलं आणि मधे खंड पडला की शरीराची सवय उतरते, मग मोह झाला तर माणूस जुन्याच अंदाजाने घेतो, आणि तेवढ्याने श्वास थांबू शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखीच. कमी करायचंय ना, जरूर करा, पण डॉक्टरांबरोबर, हळूहळू, आणि जग जागेवर असताना.

मग करायचं काय? गोळ्या संपायची वाट न बघता फोन लावा आणि पहिलंच वाक्य "इतक्या दिवसांचं औषध उरलंय" हे असू दे, कहाणी नंतर. फोनवर तपासणी होईल का, एकदम जास्त दिवसांचं देतील का, घरचं कुणी जाऊन आणलं तर चालेल का, स्पष्ट विचारा. लाजू नका, हे चोरून मागणं नाही. मेथाडोन (याच उपचारातलं दुसरं औषध) आणि बुप्रेनॉर्फिन 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. रोज क्लिनिकमध्ये समोर घ्यायला लावतात त्या मेथाडोनसाठीसुद्धा अमेरिकेने मार्च 2020 मध्ये स्थिर पेशंटना 28 दिवसांपर्यंतचे डोस घरी न्यायची मुभा दिली होती आणि 2024 च्या नियमांत ती कायम केली, म्हणजे मनात आणलं तर होतं. आपलं क्लिनिक बंद असेल तर जुनं प्रिस्क्रिप्शन घेऊन दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. ओळखीतल्याची गोळी उसनी घेऊ नका. मधे काही दिवस चुकले असतील, किंवा हेरॉइन वगैरे घेतलं गेलं असेल, तर ते सांगून टाका आणि विचारूनच परत सुरू करा. मेथाडोनचा जुना पूर्ण डोस अंगावर येऊ शकतो, आणि शरीरात हेरॉइन असताना बुप्रेनॉर्फिन घेतलं तर विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम जोरात सुरू होतं.

जास्त दिवसांचं औषध घरी आलं की कुलपात, मुलांचा हात पोचणार नाही असं. नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस झाला तर त्यावरचा उतारा, मिळत असेल तर घरात ठेवा आणि कसं द्यायचं ते पेशंटने नाही, बाकीच्यांनी शिकून घ्या. त्याचा असर तासाभरात वगैरे उतरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायचीच.

त्याच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून डोस परत बसवून दिला, औषध बायकोने आणलं. टेस्ट निगेटिव्ह आली. किल्ली कुणाकडे राहणार यावर दोघांचं दणदणीत भांडण झालं, ते सोडवायला मला पुढचे दोन फोन लागले.