‘द सेंट ऑफ ग्रीन पपाया’ हा व्हिएतनामी चित्रपट सगळे सुंदर म्हणतात. मला अर्ध्या तासात झोप लागली. माझं काही चुकतंय का?

झोप लागली यात तुमचं काही चुकलं नाही. पहिल्यांदा मलाही लागली होती. रात्री अकराला, ऑफिसमधून पिळून आल्यावर लॅपटॉपवर लावला, वीसेक मिनिटांनी वेग दीडपट केला, तरी काही घडेना म्हणून बंद केला. एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे तो सिनेमा नाही, महागडा स्क्रीनसेव्हर आहे."

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल 1951, व्हिएतनाममधलं सायगॉन शहर. मुई नावाची दहा वर्षांची खेड्यातली पोरगी एका घरी कामाला येते. घरात कापडाचं दुकान चालवणारी बाई, वाद्यं वाजवत बसणारा आणि मधूनच सगळे पैसे घेऊन गायब होणारा नवरा, तीन मुलगे, आणि माडीवर देवासमोर बसलेली आजी. त्या बाईची मुईएवढीच मुलगी वारलेली आहे. दहा वर्षांनी मुई एका पियानो वाजवणाऱ्या तरुणाकडे कामाला जाते. संपली गोष्ट. सव्वातीन ओळींची गोष्ट पावणेदोन तास चालते, हे खरंच आहे.

दुसऱ्यांदा पाहिला तो घरी, टीव्हीवर, आईबाबांबरोबर. बाबांनी बाराव्या मिनिटाला "सुरू कधी होणार?" असं विचारलं आणि ते उठून गेले. आई मटार सोलत बसली होती. इंग्रजी सबटायटल्स तिला वाचायची नव्हती आणि मी भाषांतर करायला लागलो तर म्हणाली, "गप्प बस, कळतंय मला." आणि खरंच कळत होतं. या चित्रपटात बोलणंच इतकं कमी आहे.

घरातली म्हातारी स्वयंपाकीण, थी तिचं नाव, मुईला पपई करायला शिकवते तो प्रसंग तुम्ही झोपण्याआधी बहुतेक पाहिला असेल. सोललेली कच्ची पपई एका हातात धरायची, दुसऱ्या हातातल्या सुरीने तिच्यावर उभे घाव घालत जायचे, मग वरून पातळ काप काढला की लांब लांब कीस पडतो. आईचे मटार तिथे थांबले. "विळी नाही का यांच्याकडे? बोट कापेल की!" मग थोड्या वेळाने: "पण कीस बारीक पडतोय हो." आमच्याकडे कच्च्या पपईची भाजी होते, मटणाला वाटून लावतात, पण अशी हातावर कोणी करत नाही. झाडावरची पपई तोडल्यावर देठातून पांढरा चीक पानावर ठिबकतो आणि मुई ते बघत राहते. आई म्हणाली, "हाताला लागला तर खाजेल." पपई चिरल्यावर आत मोत्यासारख्या पांढऱ्या बिया दिसतात, त्यांना मुई बोट लावून बघते, तेव्हा मात्र आई काही बोलली नाही.

मला तेव्हा लक्षात आलं की मी गोष्टीची वाट बघत होतो आणि आई काम बघत होती. लादी पुसणं, पाणी भरणं, ताट नेणं, ताट आणणं. ज्याने हे रोज केलंय त्याला हा चित्रपट संथ वाटत नाही, कारण दर दोन मिनिटांनी काहीतरी होत असतं. ज्याच्यापुढे ताट आपोआप येतं त्याला (म्हणजे बाबांना आणि मला) काहीच होताना दिसत नाही. नवरा पैसे घेऊन गेला हे मला सबटायटलमधून कळलं, आईला त्या बाईच्या खांद्यांवरून. सासू वर तिलाच बोल लावते, नवऱ्याला धरून ठेवता आलं नाही म्हणून. तिथे आईने बंद दाराकडे एक नजर टाकली, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

दिग्दर्शक त्रान आन्ह हुंग लहानपणीच व्हिएतनाम सोडून फ्रान्सला गेला. हा त्याचा पहिला मोठा चित्रपट. पूर्ण फ्रान्समध्ये, स्टुडिओत सेट लावून केलेला: ते अंगण, पपईचं झाड, पाऊस, सगळं. हे कळल्यावर मी काही भाग पुन्हा पाहिला. कॅमेरा जाळीच्या खिडक्यांबाहेरून, पडद्यांआडून, एका खोलीतून दुसरीत सरकत राहतो, क्वचितच थांबतो. खऱ्या घरात असं फिरताच येणार नाही. सोडून आलेलं घर आठवताना माणूस असाच फिरतो बहुतेक, आधी खिडकी, मग अंगण, मग मुंग्यांवर मेणबत्तीचं मेण ओतणारा तो मधला पोरगा. 1993 साली कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द'ऑर’ याला मिळाला आणि व्हिएतनामच्या वतीने ऑस्करच्या नामांकनात पोहोचलेला हा पहिला चित्रपट. नावातली गंमत इंग्रजीत हरवते: व्हिएतनामीत ‘मुई’ म्हणजे वास, आणि पोरीचं नावही मुईच.

"व्हिएतनामचा सिनेमा आणि युद्ध कुठे?" ही तक्रारही ऐकली आहे. युद्ध आहे, पण कानाला. संचारबंदीचा उल्लेख येतो, विमानांची घरघर येते, आणि घरातली माणसं हातातलं काम करत राहतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे काहीच ऐकू येत नाही, रातकिडेसुद्धा नाहीत. तुम्ही कशावर पाहिलात माहीत नाही, पण हेडफोन नसतील तर निम्मा सिनेमा तिथेच गेला.

आता, सगळे सुंदर म्हणतात म्हणून सगळं चांगलंच आहे असं नाही. दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. मोठी मुई (दिग्दर्शकाच्या पत्नीने, त्रान नु येन-खेने ही भूमिका केली आहे) जवळजवळ मुकीच होते. मालक पियानो वाजवतो, ही त्याचे बूट पुसते, त्याला वाढते, आणि शेवटी तो तिच्या प्रेमात पडतो आणि तिला लिहायला-वाचायला शिकवतो. गप्प राहून सेवा केलीस, घे बक्षीस, असा वास त्याला येतोच. चित्रं इतकी देखणी आहेत की हे पटकन लक्षात येत नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. आईचा आक्षेप वेगळा होता. त्या तरुणाचं लग्न आधीच ठरलेलं असतं, ते तो मोडतो. आई शेवटपर्यंत त्या दुसऱ्या मुलीच्या बाजूने होती. "तिचं काय चुकलं? बडबडी होती एवढंच ना?"

पुन्हा बघायचा असेल तर झोपलात तिथून पुढे नको, पहिल्यापासून लावा. सकाळी लावा. हातात मोबाइल नको, भाजी निवडायला घेतलीत तर उत्तम, मी थट्टा करत नाही. चाळीस मिनिटांनीही कंटाळा आला तर बंद करा, कोणी परीक्षा घेत नाहीये.

आणि आवडलाच तर याच वळणाचा, फाम थिएन आनचा ‘इनसाइड द यलो ककून शेल’ आहे. त्यालाही 2023 साली तोच ‘कॅमेरा द'ऑर’ मिळाला, बरोबर तीस वर्षांनी. वहिनीच्या अपघाती मृत्यूनंतर छोट्या पुतण्याला घेऊन एक तरुण गावाकडे जातो आणि बेपत्ता भावाला शोधत फिरतो. जवळजवळ तीन तास. आईला विचारलं, बघूया का, तर म्हणाली, "रविवारी लाव. गहू निवडायचे राहिलेत."